सिमी बेटावरची दुपार : एका बेपत्ता प्रवाशाचं प्रकरण

५ जून २०२४, बुधवार. ग्रीसच्या सिमी बेटावर आयिओस निकोलाओस नावाचा छोटा किनारा आहे. तिथून दुपारी दीडच्या सुमारास ६७ वर्षांचे एक गृहस्थ मुक्कामाच्या घरी जायला एकटेच पायी निघाले. पत्नी आणि मित्रमंडळी किनाऱ्यावर थांबली. गृहस्थांनी उन्हासाठी छत्री घेतली होती, मोबाईल मात्र जवळ नव्हता. ते घरी पोचलेच नाहीत. रविवारी, ९ जूनला, त्यांचा मृतदेह आयिया मरीना या दुसऱ्याच किनाऱ्यालगत, तिथल्या बीच बारच्या कुंपणापासून काही मीटरवर, खडकांत सापडला.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. मायकल मोस्ली. वैद्यकशास्त्र शिकलेले, बीबीसीवर वर्षानुवर्षं आरोग्याचे कार्यक्रम करणारे, आठवड्यातून दोन दिवस कमी खाण्याची पद्धत घराघरात पोचवणारे. जन्म १९५७ चा, आपल्या कोलकात्यातला. शरीराबद्दल सामान्य माणसाला सोप्या भाषेत समजावून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. म्हणूनच त्यांच्या मृत्यूची बातमी अनेकांच्या मनाला लागली, आणि म्हणूनच हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. यात चोरी नाही, दरोडा नाही, वादळ नाही, कड्यावर उभं राहून फोटो काढण्याचा हट्ट नाही. दक्षिण युरोपात सुट्टीवर गेलेला कुठलाही माणूस जे करेल तेच त्यांनी केलं : दुपारी समुद्रावरून घरी चालत निघाले.

दक्षिण युरोपातल्या सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की गाडी पाकीटमारांवर येऊन थांबते. बार्सिलोनाची मेट्रो, रोमचं टर्मिनी स्टेशन, पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात ठेवा वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण पाकीट गेलं तर माणूस परत येतो. जून ते सप्टेंबर या काळात तिथला मोठा धोका ऊन आहे, आणि त्याच्या तयारीत आपण कमी पडतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बेट आणि वाट

सिमी हे दोदेकानीज द्वीपसमूहातलं बेट, ऱ्होड्सच्या वायव्येला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून. चुनखडीचे उघडे डोंगर, झाडी विरळ, सावली त्याहून विरळ. मुख्य गाव बंदराजवळ सुरू होतं आणि डोंगराच्या अंगाने वर चढत जातं. या गावाच्या दुसऱ्या बाजूला, उताराच्या तळाशी पेदी नावाची खाडी आणि छोटी वस्ती आहे. आयिओस निकोलाओसला जायला पेदीवरून पायवाट आहे, नाहीतर बंदरातून छोट्या होड्या जातात. म्हणजे घरी परतायचा सरळ मार्ग असा : किनाऱ्यावरून पायवाटेने पेदी, आणि पेदीहून डांबरी रस्त्याने चढून गाव.

यातला पहिला टप्पा मोस्ली यांनी व्यवस्थित पार केला. पेदीच्या कॅमेऱ्यांत ते दोनच्या आसपास चालताना दिसतात, छत्रीसह. तिथे घरं आहेत, माणसं आहेत, पाणी आहे, गावाकडे जाणारा रस्ता आहे. पण पेदीनंतर ते त्या रस्त्याने गेले नाहीत. खाडीच्या कडेने पुढे जात ते आयिया मरीनाच्या बाजूच्या ओसाड, खडकाळ डोंगरावर चढले. का, हे कोणालाच सांगता येणार नाही. वाट चुकली, असं त्यांच्या कुटुंबाने नंतरच्या निवेदनात म्हटलं. ते अवघड चढण चढून गेले आणि सहज नजरेस न पडणाऱ्या जागी कोसळले, असंही त्या निवेदनात होतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ढोरवाट म्हणजे काय ते सांगायला नको. गुरांच्या पायांनी पडलेली वाट सुरुवातीला खऱ्या वाटेइतकीच मळलेली दिसते आणि अर्ध्या तासाने कुठल्यातरी झुडपात जिरते. ग्रीक बेटांवर हेच काम शेळ्या करतात. दगडांतून पांढरी रेघ जाताना दिसते, ती वाट वाटते, आणि मधेच संपते. तोपर्यंत माणूस इतका वर आलेला असतो की मागे फिरणं जिवावर येतं. समोर खाली समुद्र दिसतो, एखाद्या बारच्या छत्र्या दिसतात, आणि तिकडे सरळ उतरणं जवळचं वाटतं.

मोस्ली जवळजवळ पोचलेही होते. आयिया मरीनाच्या बारच्या कॅमेऱ्यात दूरवर, उतारावरून कुंपणाकडे येणारी आणि मग दिसेनाशी झालेली आकृती टिपली गेली होती. मृत्यू त्याच दुपारी, चारच्या सुमारास झाला असावा, असा ग्रीक डॉक्टरांचा प्राथमिक अंदाज होता. पेदी सोडल्यापासून साधारण दोन तास.

दीड वाजता निघण्याचा अर्थ

आता या प्रकरणातला, माझ्या मते सर्वात कमी बोलला गेलेला भाग : घड्याळ.

आपल्या डोक्यात दुपार बाराला चढते आणि चारला उतरायला लागते. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो साडेबारा-पावणेएकच्या सुमारास, नागपुरात त्याही आधी. युरोपात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. सिमीवर जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो एक वाजून गेल्यावर. म्हणजे दीडला निघालेला माणूस ऐन मध्यान्हीला निघाला होता. सूर्य क्षितिजापासून सुमारे ७५ अंशांवर, आणि माणसाची सावली अर्ध्या मीटरहून आखूड. अशा वेळी भिंतीच्या कडेलाही सावली मिळत नाही. हवा तर आणखी दोन-तीन तास तापतच राहते.

स्पेनमध्ये हा फरक आणखी मोठा आहे. तो देश पश्चिमेला असूनही मध्य युरोपाची वेळ पाळतो. सेव्हियात उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो जवळजवळ अडीचला, आणि हवा सर्वात तापलेली असते संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. ‘चार वाजलेत, आता ऊन उतरलं’ असं म्हणून जेवणानंतर हॉटेलातून बाहेर पडणारा मराठी पर्यटक तिथे दिवसाच्या सर्वात वाईट वेळेला रस्त्यावर येतो. तिथले लोक त्या वेळी खिडक्यांच्या झडपा ओढून घरात असतात. ग्रीसमध्ये तर उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही शांततेची वेळ कायद्यानेच ठरलेली आहे. दुकानं बंद का, रस्ते ओस का, असं आपल्याला वाटतं. ते लोक आळशी नाहीत. पिढ्यानपिढ्या त्या उन्हात राहिल्यामुळे दिवसाचा कोणता भाग वापरायचा नाही हे त्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी सिमीवर तापमान ४० अंशांच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. आणि हा जूनचा पहिलाच आठवडा होता. पुढच्या आठवड्यात ग्रीसमध्ये जी उष्णतेची लाट आली ती तिथल्या नोंदींतली सर्वात लवकर आलेली लाट ठरली. क्रीटमध्ये पारा ४४ च्या वर गेला, अथेन्समधलं अक्रोपोलिस १२ आणि १३ जूनला दुपारी बारा ते पाच बंद ठेवावं लागलं. त्याच महिन्यात सामोस बेटावर चालायला गेलेला एक ७४ वर्षांचा डच पर्यटक मृतावस्थेत सापडला. कोर्फूजवळच्या माथ्राकी या छोट्या बेटावर एका अमेरिकन पर्यटकाचा मृतदेह मिळाला. अमोर्गोसवर एकट्याने डोंगरवाटेला गेलेला आणखी एक अमेरिकन बेपत्ता झाला. बहुतेकांच्या गोष्टीत तोच सांगाडा आहे : वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती ठणठणीत समजली जाणारी, चालायची सवय असलेली, आणि वाट ‘एवढीशीच तर आहे’ अशी.

शरीरात काय घडतं

हवेचं तापमान सावलीत मोजतात. ४० म्हणजे सावलीतले ४०. उघड्यावर वरून सूर्य आणि खालून तापलेला पांढरा खडक, दोन्हीकडून शरीर तापतं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की वाऱ्याने अंग गार होत नाही, उलट वारा उष्णता आत ढकलतो. मग घामाचं बाष्प होणं हा एकच मार्ग उरतो. शांत बसलेलं शरीर सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतं. दगडांतून चढ चढणारं शरीर चारशे-पाचशे. तेवढी बाहेर टाकायला तासाला लिटरभर घाम सहज जातो. सिमीसारख्या कोरड्या हवेत तो घाम आल्या आल्या वाळतो. शर्ट भिजत नाही, त्यामुळे आपण किती पाणी गमावलं याचा पत्ताच लागत नाही.

आणि मग सर्वात घातक गोष्ट होते. शरीराचं आतलं तापमान ४० च्या दिशेला सरकू लागलं की पाय थकण्याच्याही आधी विचार मंदावतो. माणूस चिडचिडा होतो, हट्टाला पेटतो, किंवा नुसताच चालत राहतो. मागे फिरावं, सावलीत बसावं, हाक मारावी हे सुचत नाही. पडलेल्या माणसाला आपण ‘इतकं कसं कळलं नाही’ असं विचारतो. कळण्याची यंत्रणाच तेव्हा बंद पडत चाललेली असते. म्हणून उन्हातले निर्णय उन्हात घेण्यासारखे नसतात. ते निघण्याआधी, डोकं थंड असताना घ्यावे लागतात.

साठीनंतर तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो. त्यात आपल्या घरोघरी असलेली औषधं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, हृदयाचे ठोके कमी करणारे बीटा ब्लॉकर, मधुमेहातली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं : ही सगळी उन्हात शरीराच्या विरुद्ध काम करू शकतात. मोस्ली यांच्या बाबतीत असं काही होतं असं मी म्हणत नाही. मी हे आपल्या आईवडिलांसाठी लिहितो आहे. सहलीला निघण्याआधी डॉक्टरांना ‘तिकडे चाळीस अंशांत फिरणार आहोत, गोळ्यांत काही बदल हवा का’ असा थेट प्रश्न विचारायला हवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोस्ली यांचा मृत्यू उष्माघातानेच झाला असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमधल्या मृत्यू चौकशीत, डिसेंबर २०२४ मध्ये, कारण निश्चित करता येत नाही असा निष्कर्ष निघाला. उष्माघात किंवा न ओळखता आलेला एखादा आजार, या दोन शक्यता सर्वाधिक संभवतात, असं त्यात म्हटलं होतं. चार दिवस उन्हात राहिलेल्या शरीरावरून याहून जास्त सांगणं अवघडच होतं. कारण काहीही असो, त्या जागी, त्या वेळी, एकट्याने आणि फोनशिवाय असणं यामुळे मदत मिळण्याची शक्यता जवळजवळ संपली.

शोध एवढा का लांबला

पोलीस, अग्निशामक दल, ड्रोन, हेलिकॉप्टर, श्वान, पाणबुडे, गावकरी असे सगळे शोधत होते. बेट छोटं आहे. तरी चार दिवस लागले, आणि अखेर मृतदेह नजरेस पडला तो समुद्राच्या बाजूने, होडीतून. शोधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माणूस कुठे जाणार होता हे माहीत होतं. तो कुठे गेला हे माहीत नव्हतं. फोन असता तर निदान शेवटचं ठिकाण कळलं असतं. शिवाय पायी जाणारा माणूस आणि मागे राहिलेली मंडळी यांच्यात सर्वसाधारणपणे जे होतं ते असं : तो घरी पोचला असेल असं यांना वाटतं, आणि यांना काही कळवायची गरज आहे असं त्याला वाटत नाही. उष्माघातात पहिला अर्धा-पाऊण तास जीव वाचवणारा असतो. ‘बरेच तास झाले’ हे लक्षात येईपर्यंत तो केव्हाच गेलेला असतो.

म्हणून मला या सगळ्या प्रकरणात पेदीचं वळण सर्वात महत्त्वाचं वाटतं. सावली, पाणी आणि माणसं असलेली ती शेवटची जागा होती. अशी शेवटची जागा प्रत्येक वाटेवर असते, मग ती सिसिलीतली ज्वालामुखीची वाट असो, पोर्तुगालच्या अल्गार्व्हमधला कड्यांवरचा रस्ता असो किंवा स्पेनमधल्या ग्रानादाची चढती गल्ली. निघतानाच ती ओळखून ठेवावी. तिथे पोचल्यावर थांबून पाणी प्यावं, नकाशा पाहावा, मागे राहिलेल्यांना ‘इथवर आलो’ एवढा निरोप टाकावा. पुढची वाट शंभर टक्के माहीत नसेल तर तिथून टॅक्सी किंवा बस घ्यावी, नाहीतर सरळ कॅफेत बसून ऊन उतरू द्यावं. पाणी महाग पडेल म्हणून एकच बाटली घेऊन निघण्याची सवय ग्रीसमध्ये तरी सोडायला हरकत नाही. बंदरं, स्थानकं आणि पर्यटनस्थळांवरच्या टपऱ्यांमध्ये अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातलेली आहे.

आणि वळणाच्याही आधीचा एक पर्याय होता : होडीने जाणं. एवढंसं चालणं वाचवायला कोण पैसे देणार, असं वाटतं. भर दुपारी ते पैसे द्यावेत.

‘आपल्याला ऊन नवीन नाही’

हे वाक्य मराठी माणूस हमखास बोलतो. विदर्भातला तर छाती पुढे काढून बोलतो. यात दोन चुका आहेत.

शरीराला उन्हाची सवय होते, हे खरं. त्यासाठी रोज उन्हात वावरत साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि वावर थांबला की ती सवय काही आठवड्यांत उतरते. ती जन्माने मिळत नाही. पुण्यात वातानुकूलित ऑफिस, वातानुकूलित गाडी आणि घरी तेच, अशा माणसाचं शरीर स्वीडनहून आलेल्या पर्यटकाच्या शरीरापेक्षा फार वेगळं नसतं.

दुसरी चूक मोठी आहे. नागपूर-अकोल्याचे लोक पंचेचाळीस अंशांत तगतात ते फक्त शरीराच्या जोरावर नाही. ते दुपारी बाहेर पडतच नाहीत. पडलेच तर डोक्याला दुपट्टा, आधी पोटभर पाणी, आल्यावर पन्हं नाहीतर ताक. सहलीला गेल्यावर या सगळ्या सवयी घरी राहतात. एवढे पैसे भरलेत, दिवस मोजके, यादीतली ठिकाणं बघायची आहेत, मग दुपारी दोनला आपण ग्रानादातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या बागेत उभे असतो. घरी आईला जे करू दिलं नसतं ते परदेशात तिला आपण स्वतः करायला लावतो. आणि आपल्या मातीतही ऊन माणसं नेतं : १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भरउन्हात झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळीसलाही पोचला नव्हता. माणसं मात्र तासन्‌तास उघड्यावर बसली होती.

सहल आखताना मी म्हणेन, दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी सात ते अकरा, आणि संध्याकाळी सातनंतर. जूनमध्ये ग्रीसमध्ये साडेआठ-नऊच्या आसपास आणि दक्षिण स्पेनमध्ये पावणेदहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडाचा वेळ काही कमी पडत नाही. मधला वेळ संग्रहालय, जेवण, झोप. सोबत मीठ-साखरेच्या पावडरीची, म्हणजे ओआरएसची पाकिटं न्यावीत. छत्री चांगलीच; तिने सूर्य अडतो. खालून येणारी धग आणि गरम हवा मात्र छत्रीने अडत नाही.

कोणी बरळायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या, अंग तापलं, तर तो थकवा समजू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. सावलीत आडवं करून जादा कपडे काढावेत, अंगावर मिळेल ते पाणी ओतत राहावं, समुद्राचं असलं तरी चालेल, आणि वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. दुसऱ्याने त्याच वेळी ११२ ला फोन लावावा. महाराष्ट्रात जो आपत्कालीन क्रमांक आहे तोच युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत चालतो, मोफत आहे, आणि ग्रीसमध्ये त्यावर इंग्रजीत बोलता येतं. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या नेटवर्कची असेल तर फोन लागतो. बहुतेक देशांत स्मार्टफोनचं ठिकाण आपोआप त्यांना कळतं. मात्र त्यासाठी फोन खिशात आणि चार्ज केलेला हवा.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन विचारावं : दुपारी एक ते सहा या वेळेत चालायचं किती आहे, ते सकाळी हलवता येईल का, आणि ज्येष्ठांपैकी कोणाला त्या वेळेत बसमध्ये किंवा हॉटेलवर थांबायचं असेल तर त्यांच्यासोबत कंपनीचं माणूस कोण असेल. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघावी.